पडद्यातली हाक

आमच्या वस्तीवर दुपारची खिचडी झाली की पुढचा अर्धा तास असा जातो, की त्या वेळात जे घडतं ते खरंच घडलं की डोळा लागल्यावर पाहिलं, हे नंतर नीट सांगता येत नाही. लांब पठारावर पवनचक्क्या फिरत असतात, त्यांचा आवाज येत नाही. पोरं व्हरांड्यात पेंगतात. पाण्याचा टँकर नुकताच गेला असेल तर रस्त्यावर ओली रेघ दिसते आणि तीही बघता बघता वाळून जाते. मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं याच अर्ध्या तासात घडलं. त्यामुळे कुठं थोडं इकडचं तिकडं झालं असेल, तर दोष उन्हाला द्यावा.

वस्ती जत तालुक्यातली, कर्नाटकाच्या अगदी कडेला. घरं बहुतेक मेंढपाळांची. मी सातारा जिल्ह्यातली, खंडाळ्याकडची. तिकडं आता शेतांपेक्षा कंपन्यांची कुंपणं जास्त दिसतात. नेमणूक इथं झाली तेव्हा घरच्यांची तोंडं उतरली आणि मी फणकाऱ्यानं म्हणाले, जत म्हणजे काही परदेश नव्हे. पहिल्याच दिवशी कळलं, भाषेपुरता तो होता. पहिलीतली पोरं घरी कन्नड बोलत. मी ‘बसा’ म्हटलं की ती उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत.

शाळेत शिक्षक आम्ही दोघंच, मी आणि मुख्याध्यापक. त्यांना सगळी वस्ती गुरुजी म्हणते, मीही. ते इथलेच, दोन्ही भाषा सारख्याच सहज बोलणारे, निवृत्तीला टेकलेले. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी त्यांच्याकडं. दोन खोल्यांच्या मधल्या दारातून मी दिवसातून कितीदा तरी ओरडायची, “गुरुजी, याला काय झालंय विचारा हो.” ते जागेवरून न उठता कन्नडमध्ये विचारायचे आणि उत्तर मराठीत करून परत पाठवायचे. माझा निम्मा जीव त्या दारात अडकलेला असायचा.

श्रावणात शाळेला पॅनेल मिळाला. पॅनेल म्हणजे भिंतीवर लावायचा मोठा पडदा, बोटानं चालणारा. टीव्ही आणि फळा यांचं लग्न लावून दिल्यासारखा. विट्याकडचे एक गलाईवाले, म्हणजे सोनं गाळायचा धंदा करणारे, दूर दक्षिणेत दुकान असलेले; त्यांची सासुरवाडी आमची वस्ती. त्यांनी तो दिला. जावयानं दिलेली वस्तू म्हटल्यावर वस्तीला तिचं काय कौतुक. नारळ फुटला, भंडारा उधळला, पडद्याची काच पिवळी झाली. बचत गटाच्या बायकांनी जुन्या जरीच्या लुगड्याचं कव्हर शिवून आणलं. दुसऱ्या दिवसापासून पोरं वर्गात येताना पडद्याला हात लावून तो हात कपाळाला लावायला लागली.

देवळातला देव नमस्कार गप घेतो. हा घेईना. एकाच्या नमस्कारानं नकाशा उघडायचा, दुसरीच्या नमस्कारानं तो मिटायचा, तिसऱ्याच्या नमस्कारानं आवाज मोठा होऊन बाराखडी किंचाळायला लागायची. पोरं दचकून मागं सरायची आणि जास्तच भक्तीनं हात जोडायची. गुरुजींनी दोन दिवस हे पाहिलं आणि कव्हर चढवून वरून नाडी बांधली.

“आवं बाई, माज्या सहीनं घितलंय ते,” ते म्हणाले. “काच फुटली तर जाता जाता माज्या नावाला डाग. मी गेल्यावर काय करायचं ते करा.”

पंधरा ऑगस्टला कव्हर निघालं आणि पाहुणे गेल्यावर पुन्हा चढलं. मी धुसफुसत राहिले. मला तो पडदा हवा होता. मला वाटे, यात कन्नडही असेल आणि मराठीही असेल, म्हणजे मधल्या दारातून ओरडायला नको. मी कन्नड शिकण्यापेक्षा यंत्रच शिकून आलेलं बरं, असा माझा आळशी हिशेब.

आता त्या मुलीचं सांगते. त्या वर्षी जूनमध्ये ती पहिलीत आली. बारीक अंगाची, घट्ट वेण्या, आणि डोळे असे की वर्गात सगळ्यांच्या आधी तिच्याकडं लक्ष जावं. ती बोलत नसे. मराठीत नाही, कन्नडमध्ये नाही, गुरुजींनी लाडानं विचारलं तरी नाही. मुकी नव्हती. वस्तीवरच तिची आत्या राहते, ती सांगायची, घरी हिच्या बडबडीनं कान किटतात. शाळेच्या उंबऱ्याच्या आत आली की तोंडाला कुलूप. भिंतीला टेकून बसायची आणि खिडकीतून मेंढरांकडं बघायची. मी हाक मारली की मान वळवायची, आणि मग पुन्हा खिडकी.

गणपतीच्या सुमारास तिचा बाप शाळेत आला. उंच माणूस, खांद्यावर घोंगडं. चपला बाहेर काढून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना.

“बाई, दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन किष्णेकडं उतरणार,” तो म्हणाला. “उन्हाळा सरंपातुर तिकडंच. पोरगीला संगं न्हेतो म्हणतोय.”

“आणि शाळा?”

“आवं, बोलतच न्हाई तर शाळा काय करायची? हितं भितीला टेकून बसती, तिकडं आईच्या कडंला बसंल. बोलाया लागली तर ठिवतो आत्याकडं. मग माजं काय म्हणनं न्हाई.”

त्यात दुष्टपणा नव्हता. त्याचं चुकतंय असंही मला म्हणता येईना, आणि म्हणूनच मला राग आला. मेंढरांमागं गेलेली पोरं पावसाळ्यात परत शाळेत येतात, पण पाहुण्यासारखी येतात, आणि चौथीच्या आत कधीतरी यायची थांबतात. मी ते पाहिलं होतं. दिवाळीपर्यंत हिला बोलतं करायचंच, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

गणपती उठले आणि सांगलीला पॅनेलच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. गुरुजी जायला तयार नव्हते. “या वयात मला कशाला नाचवता,” म्हणाले. पण दोघांनीही यायचं असं वरून होतं, त्यामुळे शाळा शेजारच्या वस्तीवरच्या शिक्षकांवर सोपवून आम्ही एसटीनं निघालो. प्रशिक्षणाच्या खोलीत एसी इतका गार की गुरुजींनी कानाला मफलर बांधला. शिकवायला आमच्यासारखीच एक प्राथमिक शिक्षिका होती, ओरडून ओरडून आवाज बसलेली. तिनं उभं राहून पहिलंच सांगितलं, “आज कुणी काही बरोबर करायचं नाही. जेवढं बिघडवता येईल तेवढं बिघडवा. निस्तरायचं कसं ते मग बघू.”

सगळे हसले, पण कुणी पुढं होईना. गुरुजी तर हात पाठीमागं बांधून उभे. शेवटी तिनं त्यांनाच बोलावलं. त्यांनी एक बोट असं पुढं केलं, जसं तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडून बघावं. पडदा झटकन काळा झाला. “मी कायबी केलं न्हाई,” ते म्हणाले आणि दाराकडं बघू लागले. बाईंनी त्यांचं तेच बोट धरून कडेला एका खुणेवर टेकवलं. पडदा परत आला. गुरुजींनी पुन्हा काळा केला. पुन्हा आणला. मग त्यांचं कुणाकडं लक्षच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ते आत राहिले आणि आम्ही आलो तेव्हा त्यांनी उलट्या अक्षरांत सगळ्या खोलीचं स्वागत लिहून ठेवलं होतं, सुलट कसं करायचं ते मात्र विसरले होते.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी आवाज भरायला, आपलेच फोटो घालायला शिकवलं. म्हणाल्या, “यात आलेले धडे दाखवा, पण तेवढ्यावर राहू नका. पोरांना त्यांचं रान यात दिसलं पाहिजे.” मी ते नीट लिहून घेतलं, पण तेव्हा फारसं मनावर घेतलं नव्हतं.

परतीच्या एसटीत खिडकीतून ऊस संपला, द्राक्षांचे मांडव संपले, आणि मग आपलं नेहमीचं उघडं रान सुरू झालं. गुरुजी मफलरची घडी घालत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “बाई, मला काचंचं भ्या न्हवतं. पोरांफुडं चुकायचं भ्या हुतं. इतकी वर्सं फळ्यावर एक अक्षार चुकू दिलं न्हाई.” मला त्यांची माया आली. त्यांच्याविरुद्ध मनात धरलेलं सगळं त्या उन्हातच कुठंतरी विरून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं नाडी सोडली. जरीचं कव्हर खिचडीच्या पातेल्यावर झाकायला दिलं, ते आजही तिथंच आहे. पोरं रांगेनं नमस्काराला आली तेव्हा त्यांनी अडवलं. “पाया पडायचं तर माज्या पडा. त्याला बिघडवून दावा.” पोरांना आधी पटेना. मग एकानं धीर केला, पडदा निळा झाला, सगळा वर्ग श्वास रोखून बसला, आणि गुरुजींनी बोट टेकवून तो परत आणला. त्यानंतर आठवडाभर आमच्याकडं शिकवणं झालं नाही, फक्त बिघडवणं आणि निस्तरणं. पोरं आमच्या पुढं गेली. मला जे सांगलीत वहीत लिहून घ्यावं लागलं होतं, ते त्यांच्या बोटांना आपोआप यायला लागलं.

पण ती मुलगी जागची हलली नाही. पडद्यावर काय चाललंय ते बघायची, आणि मग खिडकी. माझी मोठी आशा होती तयार धड्यांवर. एका धड्यात मेंढी होती, म्हणून मी तोच लावला. गोल, पांढरीशुभ्र, कापसाच्या गोळ्यासारखी मेंढी, गळ्यात लाल फीत. वर्ग हसायला लागला. “बाई, ह्याला नाक कुठाय?” एकानं विचारलं. आमच्याकडची माडग्याळी मेंढी उंच, तांबूस ठिपक्यांची, नाक पोपटासारखं बाकदार. मेंढीला नाक नसणं म्हणजे या पोरांच्या दृष्टीनं मेंढीच नसणं. मी त्या मुलीकडं पाहिलं. तिनं पडद्यावरच्या मेंढीकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. यंत्र माझं काम परस्पर करून टाकेल ही माझी आशा तिथं संपली.

तेव्हा मला सांगलीच्या बाईंचं बोलणं आठवलं. मग आमचा उद्योग सुरू झाला. माझा मोबाइल घेऊन पोरं वस्तीभर फिरायची: खुराडं, बाभळ, टँकर, चूल, घोडं, काठी. गुरुजी कन्नड शब्द सांगायचे, मी मराठी. आवाज भरताना मी मागं मागं म्हणत राहायची आणि त्यात माझी जीभही थोडी वळायला लागली. चित्राला बोट लावलं की दोन्ही शब्द ऐकू येत. आता पोरं पडद्यासाठी भांडत नसत. कुणाची कोंबडी पडद्यात गेली आणि कुणाची राहिली, यावर भांडत.

एका संध्याकाळी मी त्या मुलीच्या बापाकडं गेले. मेंढरं रानात बसवलेली होती. त्याला म्हटलं, तुमचा एक फोटो द्या आणि मेंढरांना हाक कशी मारता ती भरून द्या. तो लाजला. “हे काय शिक्षान हाय व्हय, बाई?” म्हणाला. पण मग तोंड रानाकडं करून त्यानं हाक दिली. जीभ टाळूला लावून काढलेला लांब सूर, मध्येच तुटणारा, शेवटी एक टिचकी. रवंथ करणारी सगळी डोकी एकदम वर उठली.

हाक पडद्यात घातली तो दिवस जतच्या बाजाराचा होता. दिवाळी तोंडावर आलेली. बाप बाजाराला गेला होता आणि मेंढरं शाळेमागच्या रानात त्याच्या भावानं सोडली होती. खिचडी झालेली, पोरं पेंगुळलेली, गुरुजी खुर्चीत डोळे मिटून. मी बापाच्या फोटोवर बोट ठेवलं. आवाज मोठा ठेवलेला होता, कमी करायचं ध्यानात राहिलं नाही. हाक खिडक्यांतून बाहेर गेली.

आधी काहीच झालं नाही. मग मागं कुठंतरी खुरांची सळसळ सुरू झाली, वाळल्या पानांवर वारा यावा तशी, आणि धूळ उठली. त्या धुळीतून ती सगळी आली. बाकदार नाकांची, लांब कानांची, घाई न करता, पण न थांबता. व्हरांड्यात चढली. पोरांच्या ताटल्या हुंगल्या. एक म्हातारी मेंढी थेट वर्गात आली आणि पडद्यासमोर उभी राहून त्यातल्या माणसाकडं बघत राहिली. कुणी ओरडलं नाही. मला आठवतं, त्या वेळी सगळं फार शांत होतं, नुसता लोकरीचा उबट वास आणि श्वासांचा आवाज. मला हे थांबावं असं वाटत नव्हतं.

ती मुलगी उठली. बाकीच्यांमधून वाट काढत पुढं गेली, म्हाताऱ्या मेंढीच्या कपाळाला तळहात लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “नडी. हिंदक्क नडी. अप्पा इल्लिल्ल.”

दारात गुरुजी येऊन उभे होते. हळूच म्हणाले, “मागं फिर म्हणतीया. बाप हितं न्हाई म्हणून सांगतीया तिला.”

मेंढी फिरली. तिच्यामागं बाकीची. मुलगी व्हरांड्यात जाऊन प्रत्येकीला काहीबाही सांगत होती, आणि तो आवाज, जो मी जूनपासून ऐकायला टपले होते, शाळाभर घुमत होता. मेंढरं गेल्यावर ती वळली. बाप कुठाय ते मी तिच्याच भाषेत विचारलं, “अप्पा येल्लि?” माझ्या तोंडचं कन्नड ऐकून ती आधी हसली. मग म्हणाली, “संतिगी होग्यान.” मी म्हटलं, “बाजाराला गेलाय.” तिनं माझ्या ओठांकडं बघितलं आणि म्हटलं, “बाजाराला गेलाय.”

त्यानंतर ती थांबली नाही. पडद्यावर मेंढ्यांचे फोटो लावून ती एकेकीची कुळकथा सांगायची, निम्मी कन्नडमध्ये, निम्मी मराठीत, आणि माझं चुकलं की टाळी वाजवून हसायची. मी मुद्दामही चुकायची. दिवाळीच्या सुट्टीआधी तिचा बाप आला. या वेळी मी त्याला हाताला धरूनच आत आणलं. त्यानं पडद्यातून आपल्या लेकीचा आवाज ऐकला, मग लेकीनं समोर उभं राहून टँकरची गोष्ट मराठीत सांगितली. त्यानं घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“बोलती की,” तो म्हणाला.

“बोलते.”

“मग ठिवतो. मी म्हणलं हुतं.”

शब्दाला जागणारा माणूस. मी त्या दिवशी स्कूटीवरून जतच्या माझ्या खोलीपर्यंत गाणी म्हणत गेले. दिवाळीला खंडाळ्यात घरी, शेजारी, माहेरी, जो भेटेल त्याला हे सांगितलं. लोक म्हणाले, नशीब काढलं पोरीनं. मलाही तसंच वाटत होतं.

सुट्टी संपवून आले तेव्हा शाळेमागचं रान रिकामं होतं. मेंढरं बसायची तिथली जमीन काळसर दिसत होती. आत्यानं मुलीला तेल लावून, नवा फ्रॉक घालून दारापर्यंत सोडलं. ती आत आली, सरळ पडद्याकडं गेली आणि बापाच्या फोटोला बोट लावलं. हाक खिडक्यांतून बाहेर गेली. तिनं खिडकीकडं पाहिलं. पुन्हा बोट लावलं. बाकीची पोरं आपापली पाळी मागायला लागली, मी त्यांना गप्प केलं. बाहेर धूळ उठली नाही.

मग ती माझ्याजवळ आली. कन्नडचा एक शब्द न घालता, मी शिकवलेल्या मराठीत, सावकाश म्हणाली, “बाई, मी बोलली म्हणून अप्पा गेला.”

मी सांगू शकले असते की तो उन्हाळ्यानंतर येईल, की तो तसाही गेलाच असता, की हे सगळं तुझ्याच भल्यासाठी आहे. हे सगळं खरं होतं. पण तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, आणि तेही खरं होतं: ती बोलली म्हणूनच तो तिला मागं ठेवून गेला होता.

“व्हय बाळा,” मी म्हणाले आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले.